मार्ग्रीतची पंचवीस वांगी

माझ्या आईने आयुष्यातली पहिली चोरी केली तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. चोरी नेदरलँड्समध्ये झाली, भर दुपारी झाली आणि कांदेनवमीला झाली. मुद्देमाल म्हणजे पंचवीस वांगी. ती कापडी पिशवीत भरून, वाटेत भेटेल त्याच्याकडे बघून हसत, आई रमतगमत घरी आली, कारण आपण चोरी केलीय हे तिला ठाऊकच नव्हतं. ठाऊक असू शकणारा माणूस त्या वेळी अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागात अकराव्या मजल्यावर मीटिंगमध्ये बसून दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीवर बोलत होता. तो मी.

सुरुवात माझ्या कोलेस्टेरॉलने झाली. इथल्या फॅमिली डॉक्टरांनी, म्हणजे हाउसआर्ट्सने, रिपोर्ट बघून गोळी दिली नाही, नुसता सल्ला दिला. भाज्या खा, कडधान्यं खा, ऑलिव्ह तेल वापरा, भूमध्य समुद्राकाठची माणसं खातात तसं खा. एवढं ऐकून दुसरा कुणी पालकाची जुडी घेऊन घरी गेला असता. मी तीन पुस्तकं, पाच लिटर ऑलिव्ह तेल आणि एक नवं तत्त्वज्ञान घेऊन गेलो. घरातून तूप गेलं, दही गेलं, चहात ओटचं दूध आलं. जेवायला बसलं की मी मृणालला, म्हणजे बायकोला, क्रीट बेटावरचे म्हातारे किती वर्षं जगतात ते सांगायचो.

"ते म्हातारे जेवताना एवढं बोलतात का रे?" तिने एकदा विचारलं.

तिन्ही पुस्तकांत एक गोष्ट ठासून सांगितलेली होती: भाजी मोसमातली हवी, आणि शक्यतो स्वतः पिकवलेली. आम्ही राहतो त्या उइटहॉर्नच्या कडेला फोल्क्सटाऊन आहे. म्हणजे गावातल्या लोकांना भाजीपाला लावायला मिळणारे जमिनीचे तुकडे. त्यांची एक संस्था, संस्थेची एक समिती, समितीचा एक अध्यक्ष आणि अध्यक्षाची एक वही. मृणालने कधीकाळी गंमत म्हणून तिथल्या प्रतीक्षायादीत नाव घातलं होतं, ते नेमकं त्याच वर्षी मार्चमध्ये यादीच्या डोक्यावर आलं. (माझं नशीब असं वेळेवर धावून येतं. बसच्या बाबतीत कधी येत नाही.)

अध्यक्षाचं नाव हेंक. त्याने वही उघडून मला नियम सांगितले. पहिलं वर्ष चाचणीचं. जुलैमध्ये एका शनिवारी सगळे सभासद एकाच लांबलचक टेबलावर जेवतात, त्या दिवशी समिती ठरवणार की तुकडा आमच्याकडे ठेवायचा की पुढच्याला द्यायचा. आणि यात शेजारच्या सभासदाचं मत सगळ्यात मोलाचं. शिवाय जेवणाला दर वर्षी एक विषय असतो. यंदाचा विषय होता 'भूमध्य समुद्राचा उन्हाळा': दूध नाही, अंडं नाही, भाजी फक्त आपापल्या वाफ्यातली. ऐकून मला भरून आलं. जेवण माझ्यासाठीच ठेवलं होतं म्हणा ना!

शेजारची सभासद म्हणजे मार्ग्रीत. वय सत्तरीच्या पुढे, उंची सहा फूट, गणित शिकवून निवृत्त झालेली आणि अजून चेहऱ्यावर 'तुझं उत्तर चुकलंय' असा भाव. तिच्या आणि माझ्या हद्दीवर तिचं काचघर होतं. तिच्या नवऱ्याने, विमने, जुन्या खिडक्या जोडून ते बांधलं होतं. विम गेला, आणि मागे दोन गोष्टी राहिल्या. एक हे काचघर आणि दुसरं वांग्याचं बियाणं. लग्नानंतर दोघं सिसिलीला गेली होती, तिथे एका म्हातारीने मूठभर बी हातावर ठेवलं होतं. जांभळ्या रंगावर पांढऱ्या रेघा असलेली वांगी. मार्ग्रीत दर वर्षी एक फळ झाडावरच पिकू द्यायची, त्याचं बी जपून ठेवायची आणि उरलेली मोठी झाली की थर लावून त्या टेबलासाठी भाजी करायची.

"हे बी दुकानात मिळत नाही," तिने मला सांगितलं. "संपलं की संपलं."

माझ्या वाफ्याची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती होतीच थोडकी. टोमॅटो पावसाने कुजले. तुळशीसारखं ते इटालियन बेसिल गोगलगायींना आवडलं. ज्याला मी तीन आठवडे ओरेगॅनो म्हणून पाणी घालत होतो ते गवत निघालं. झुकिनीचा एक वेल मात्र माझ्याकडे दुर्लक्ष करून भरमसाट वाढला. मी घाम गाळत होतो (म्हणजे रेनकोटच्या आत) आणि शेजारी काचेआड मार्ग्रीतची सहा झाडं मजेत वाढत होती.

इथे आईला आणायला हवं. आई सांगलीला असते. तिचं माहेर कृष्णाकाठचं, वांग्यांच्या वाफ्यांत वाढलेली ती बाई. मला लहानपणी साधा मनीप्लांट जगवता आला नव्हता, हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत होतं. एके रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, "काय काय लावलंयस रे शेतात? दाखव बघू."

मी फोन माझ्या वाफ्यावर धरला. आई बराच वेळ बघत राहिली.

"अजून पेरलं नाहीस वाटतं," ती म्हणाली.

मी फोन जरासा उजवीकडे वळवला. एवढंच केलं. बोललो काहीच नाही.

"अगं बाई! काचेचं घर! आणि ही वांगी? अरे, ही तर थेट आपल्याकडच्यासारखी! रेघासुद्धा तशाच! तू लावलीस?"

"म्हणजे... काळजी फार घ्यावी लागते," मी म्हणालो. (यात खोटं काय आहे? घ्यावी लागतेच.)

आईने शेजारच्या काकूंना हाक मारून बोलावलं. "बघा, आमच्या अमोलने लावलीत. कॉम्प्युटरवर बसतो, पण हात आमच्या माहेरचे निघाले!" त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्या हातांचं कौतुक करत होती. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की पुढच्या रविवारी मी फोन आपणहून उजवीकडे वळवला. त्याच्या पुढच्या रविवारी तर मी आणखी नवी फुलं आल्याची बातमीही दिली.

आणि मग आईने तिकीट काढलं.

मार्ग्रीत दर जुलैत तीन आठवडे फ्रान्सला तंबू ठोकायला जाते. ती निघाली आणि दोन दिवसांनी आई उतरली. हा मला दैवी संकेत वाटला. जाताना मार्ग्रीतने काचघराची चावी माझ्या हातावर ठेवली आणि दाराला आतून सूचनांचा कागद चिकटवला. सकाळी पाणी, दुपारी दार उघडं, पाच वाजता बंद. शेवटची ओळ लाल अक्षरांत, डचमध्ये: 'फळं तोडू नयेत!' ती परत येणार होती शुक्रवारी, जेवणाच्या आदल्या दिवशी.

अडचण एकच होती. काचघराशेजारी खांबावर लाकडी पाटी होती आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत मार्ग्रीतचं नाव. आईला पहिल्यांदा घेऊन गेलो त्या दिवशी मी पुढे धावत जाऊन पाटीवर माझा रेनकोट टांगला.

"कोट इथे का टांगलास?" आईने विचारलं.

"वाळायला."

"पाऊस पडतोय रे."

"इथला पाऊस वेगळा असतो, आई."

आईने माझ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं आणि परदेशात असेलही असं काही, अशा चेहऱ्याने ती आत गेली. आत गेल्यावर मात्र तिचा चेहराच बदलला. ती प्रत्येक झाडाजवळ वाकली, पानं उलटून पाहिली, वांग्यांवरून अंगठा फिरवला. "सोनं पिकवलंस," ती म्हणाली. मी खाली मान घालून उभा राहिलो. तिला तो विनय वाटला.

घरी आल्यावर मी मृणालला बाजूला घेऊन बजावलं, "ते काचघर मार्ग्रीतचं आहे हे आईला कळता कामा नये."

"बरं," ती म्हणाली. "मी शब्दाची पक्की आहे. घरात एक तरी असावं."

मग चावी दारामागच्या खिळ्याला लागली आणि रोज सकाळी दहाला आई कालव्याच्या कडेने चालत 'आपल्या' बागेत जाऊ लागली. मला बरंच झालं. पाणी ती घालायची, दार ती उघडायची, गोगलगायी ती वेचायची. मी संध्याकाळी तिला भूमध्य सागरी स्वयंपाकाचे धडे द्यायचो. वांगं भाजून, सोलून, लसूण आणि तिळाचा गोळा घालून केलेला पदार्थ मी मोठ्या तोऱ्यात तिच्यासमोर ठेवला.

"हे भरीत आहे," आई म्हणाली.

"नाही गं, हे लेबनॉनचं."

"लेबनॉनचं भरीत. फोडणी विसरलेत."

गुरुवारी ऑफिसातून ट्रामने घरी आलो तेव्हा जिन्यातच वास आला. गोडा मसाला, शेंगदाण्याचं कूट, खोबरं, कांदा! चार महिन्यांची ऑलिव्ह तेलाची साधना माझ्या नाकातून निघून गेली. आईने कांदाभजी तळली होती, भाकरी केली होती आणि मोठ्या पातेल्यात भरली वांगी होती. लहान, कोवळी, देठासकट. मी हात धुतले न धुतले तोच बसलो.

"आज कांदेनवमी," आई वाढत म्हणाली. "परवा एकादशी, चातुर्मास लागला. मग मला चार महिने कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. म्हटलं, पोराच्या हातची वांगी खाल्ल्याशिवाय चातुर्मास धरायचा म्हणजे काय?"

मी चौथं वांगं तोंडात टाकलं होतं. ते तसंच थांबलं.

"आई, वांगी आणलीस कुठून?"

"कुठून म्हणजे? तुझ्या काचघरातून. अगदी वेळेवर तोडली बघ. आणखी चार दिवसांनी निबर झाली असती. तुला कळत कसं नाही रे, एवढी छान लावतोस आणि तोडायची कधी ते ठाऊक नाही!"

"कि... किती तोडलीस?"

"पंचवीस. समोरच्या बाईंना दिली, खालच्यांना दिली. वरच्या मजल्यावरच्या उंच गृहस्थांनी तर दोनदा मागून घेतली."

मी मृणालकडे पाहिलं. ती पाचवं वांगं भाकरीशी खात होती.

"तू तरी सांगायचंस!" मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिला गाठून कुजबुजलो.

"मी आले तेव्हा ती पातेल्यात होती. आणि तूच म्हणालास, आईंना कळता कामा नये." तिने बोट चाटलं. "काय झालीत पण!"

झाली होती अप्रतिम. तेच तर दुःख होतं. पुढची चारही मी रडवेल्या चेहऱ्याने खाल्ली, आणि आईला वाटलं की मला घरची आठवण आली.

शुक्रवारी मी ऑफिसला घरून काम करतो असं कळवलं आणि तुर्की दुकान उघडायच्या आधी दारात जाऊन उभा राहिलो. दुकानात फक्त काळी, लांबलचक वांगी होती. घेतली. सोबत मृणालच्या शिवणाच्या डब्यातली हिरव्या दोऱ्याची रीळ घेतली. होय, दोऱ्याने बांधणार होतो! मार्ग्रीत दुपारी पोचेल, लांबून दोन-चार वांगी लोंबताना दिसतील, प्रवासाने दमलेली असेल, म्हातारी आहे, असा माझा हिशेब होता. हा हिशेब मी एका गणिताच्या शिक्षिकेविरुद्ध मांडत होतो.

बागेत पोचलो तर काचघराभोवती लाल-पांढरी फीत बांधलेली. मार्ग्रीत पहाटेच परतली होती. तिच्या शेजारी हेंक, हातात रबरी मोजे, काखेत वही. माझा कोट तसाच पाटीवर लोंबत होता.

"आत येऊ नकोस!" हेंक ओरडला. "रोग आहे!"

"रोग?"

"तांबेरा. पण असा तांबेरा मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. सहाही झाडांवर, बुंध्याशी. आधी पिवळा डाग, त्याच्यावर लाल. आणि सगळी फळं गळून नाहीशी झाली."

मी फितीवरून वाकून पाहिलं. प्रत्येक झाडाच्या बुंध्याला हळद आणि तिच्यावर कुंकू. आईने रीतसर वाहिलेलं, सहाच्या सहा झाडांना!

"चावी तुझ्याकडे होती," मार्ग्रीत मला म्हणाली. "हे कधी सुरू झालं?"

इथे खरं बोलायला एक अख्खं वाक्य लागलं असतं. माझ्याकडे ते नव्हतं. उलट मनात एक नीच विचार चमकून गेला. रोग म्हटलं की वांगी कुठे गेली हा प्रश्नच मिटतो! "काल... काल तर नव्हतं," मी म्हणालो. आणि वांग्यांची पिशवी पाठीमागे धरली.

"मग पसरतोय," हेंक म्हणाला. "मार्ग्रीत, वाईट वाटतं, पण झाडं आजच उपटून जाळायला हवीत. नाहीतर सगळ्यांची काचघरं जातील."

मार्ग्रीतने एका झाडाच्या पानाला हात लावला आणि म्हणाली, "यंदा बियाणाचं फळही नाही." मग थोड्या वेळाने, "ठीक आहे. उपट." सहा फुटांची ती बाई त्या क्षणी एवढीशी दिसली, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की तोंड उघडलं. पण शब्द फुटायच्या आत हेंक वाकलाही होता.

"अहो! अहो, काय करताय? फळतं झाड उपटतात का कुणी?"

दहा वाजले होते. आई आली होती. तिने फितीखालून वाकून आत प्रवेश केला आणि हेंक आणि झाड यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. ती हेंकच्या छातीपर्यंत येते.

"अमोल, कोण ही माणसं? आपल्या काचघरात काय करतायत?"

"तुझी आई काय म्हणते?" मार्ग्रीतने विचारलं.

"म्हणते, आज हवा छान आहे."

"एवढं ओरडून?"

"अमोल, त्यांना सांग, झाडाला हात लावलात तर बघा म्हणावं!"

"आई, त्यांना वाटतंय झाडांवर रोग पडलाय. ते हळदकुंकू बघून."

"रोग?" आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू रोग मीच होतो. "पहिला तोडा झाला की झाडाला हळदकुंकू वाहतात. एवढंही ठाऊक नाही?" तिने पिशवीतून छोटी कोयरी काढली आणि टाचा उंचावून थेट मार्ग्रीतच्या कपाळाला बोट लावलं. बोट जेमतेम पोचलं. मार्ग्रीत दचकली. मग तिने कपाळावरची पूड बोटाने पुसली, हुंगली, आणि म्हणाली, "हेंक! कुरकुमा आहे ही! आमटीत घालतात ती हळद!"

हेंकने वही उघडली आणि सकाळी लिहिलेली एक ओळ खोडली.

क्षणभर मला वाटलं, सुटलो. पण मार्ग्रीत गणिताची बाई. एक उदाहरण सुटलं की पुढचं घेते. "मग माझी फळं कुठे गेली?"

"काय विचारतायत त्या?" आई म्हणाली.

दोन बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि दोघींच्या मध्ये दुभाषा एकच होता. मी पाठीमागची पिशवी खाली ठेवली.

"आई," मी म्हणालो, "हे काचघर आपलं नाही. यांचं आहे. वांगीही यांचीच. मी तुला फोनवर खोटं दाखवलं."

आई खांबापाशी गेली, तिने कोट उचलला, पाटीवरचं नाव एक-एक अक्षर लावून वाचलं. मग कोटाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"म्हणजे काल मी चोरी केली," ती म्हणाली.

"तू नाही गं, मी..."

"गप्प बस. आता मी सांगते ते त्यांना सांग. एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस."

मी सांगू लागलो.

"ती म्हणते, तिचा मुलगा खोटारडा आहे."

"हं," मार्ग्रीत म्हणाली.

"ती म्हणते, त्याला लहानपणी साधा मनीप्लांट जगवता आला नाही."

हेंकने वही उघडली.

"ती म्हणते, वांगी तिने तोडली, तिला माहीत नव्हतं, पण तोडली ती तोडलीच. ती हात जोडून माफी मागते. आणि... शिक्षा करायची तर मुलाला करा, झाडांना करू नका."

"'झाडांना करू नका'," हेंक लिहीत पुटपुटला. "आणि या पिशवीत काय आहे?"

"वांगी."

"दोरा कशाला?"

हेंक दोऱ्याकडे आणि झाडांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने तेही लिहून घेतलं.

मार्ग्रीत मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. "फळं गेली तर गेली," ती म्हणाली. "पण बियाणाचं एक असायला हवं होतं." हे मी आईला सांगितलं, विमसकट, सिसिलीसकट. ऐकता ऐकता आईच्या भुवया वर गेल्या.

"बियाणाचं फळ कोण तोडेल?" ती म्हणाली. "मला काय वेड लागलंय?"

ती कोपऱ्यातल्या झाडाजवळ खाली बसली आणि तिने बुंध्यालगतची मोठी पानं बाजूला केली. जमिनीला टेकेल न टेकेल असं एक वांगं लोंबत होतं. त्या झाडावरचं सगळ्यात मोठं. देठाला लाल दोरा बांधलेला, माथ्यावर हळदकुंकवाचं बोट. सव्विसावं.

मार्ग्रीत गुडघ्यांवर बसली. सहा फुटी बाईला खाली बसायला वेळ लागतो. तिने दोऱ्याला हात लावला. "विमसुद्धा बांधायचा," ती म्हणाली. "कुणी चुकून तोडू नये म्हणून." मी भाषांतर केलं. आईने पदराने डोळे टिपले, मार्ग्रीतने बाहीने, आणि हेंक वहीत तोंड खुपसून उभा राहिला. मीही रडलो असतो, पण मला त्या गटात घेणार कोण?

"आता," मार्ग्रीत उठत म्हणाली, "एवढ्या लहान वांग्यांचं तुम्ही करता तरी काय?"

माझ्या ऑफिसच्या डब्यासाठी आईने दोन वांगी राखून ठेवली होती. ती मार्ग्रीतने आमच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच खाल्ली. पहिल्या घासानंतर लगेच दुसरा घेतला. दुसऱ्यानंतर म्हणाली, "लेकर!" (म्हणजे चविष्ट. इथल्या माणसाने जेवणाबद्दल यापेक्षा लांब भाषण करायची रीत नाही.) तिसऱ्यानंतर म्हणाली, "इतकी वर्षं आम्ही ती उगाच मोठी होऊ दिली."

प्रश्न उरला उद्याच्या टेबलाचा. तिची भाजी यंदा होणार नव्हती.

"त्यांना म्हणावं, त्यांच्या वाफ्यात बटाटे आहेत ना? मी करते," आई म्हणाली. "उद्या माझी एकादशी आहे, कांदा-लसूण तसंही नाही. उपासाची भाजी करू. शेंगदाण्याचं कूट, मिरची, खोबरं. पण तूप चालणार नाही ना त्यांच्या नियमात?"

"नाही. ऑलिव्ह तेल फक्त."

आई विचारात पडली. हा प्रश्न तिच्याआधी कुणाला पडला असेल असं वाटत नाही. "ऑलिव्ह म्हणजे काय असतं रे नक्की?"

"फळ आहे."

"मग झालं," आई म्हणाली. "फळाचं तेल. उपासाला चालतं."

शनिवारी त्या लांब टेबलावर तीस पदार्थ होते. ज्यात कांदा किंवा लसूण नाही असा पदार्थ एकच होता, आईचा. तिने फक्त तोच खाल्ला, आणि दहा मिनिटांनी दुसऱ्या कुणाला तो मिळालाच नाही. मार्ग्रीतने ऑलिव्ह तेल लागलेल्या रिकाम्या भांड्यात पाव फिरवून भांडं पुसून घेतलं. दोघी शेजारी बसल्या होत्या, एक डचमध्ये बोलत होती, एक मराठीत, आणि दोघी एकमेकींना हो म्हणत होत्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझा झुकिनीचा पदार्थ होता. क्रीट बेटावरच्या म्हाताऱ्यांच्या पद्धतीने केलेला. त्याच्याजवळ फक्त मी होतो.

जेवण झाल्यावर हेंकने वही उघडून समितीचा निर्णय वाचला. चाचणी आणखी एक वर्ष वाढवण्यात येत आहे. शेजारच्या सभासदाचं मत: 'आई उत्तम. मुलगा बघू.'

आई सप्टेंबरात परत गेली. वांगं पिकून पिवळं झालं, मार्ग्रीतने बी काढलं आणि त्यातलं अर्धं एका पाकिटात घालून सांगलीला पाठवलं. आता दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो, पण तो मार्ग्रीत करते. या वर्षी मे महिन्यात मी बागेत होतो तेव्हा तिने मला बघून फोन माझ्याकडे वळवला. जरासा उजवीकडून डावीकडे.

आईने मला पाहिलं, मग माझ्यामागचा खांब पाहिला. "कोट कशाला टांगलायस रे परत?"

"वाळायला, आई. या वेळी खरंच."

"कुणाचं नाव झाकलंयस आता?"

"माझंच आहे गं. ही माझी पाटी."

आईने फोन डोळ्यांजवळ नेऊन माझा वाफा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निरखून पाहिला.

"मग असू दे," ती म्हणाली. "झाकलेलंच बरं."